दुसऱ्याच्या भाषेत आपल्या देशाचं म्हणणं: राजनैतिक अधिकाऱ्याची नोकरी असते तरी कशी?

घरातला पासपोर्ट काढून उघडा. आत, हिंदीत आणि इंग्रजीत, राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंती छापलेली आहे: या पासपोर्टधारकाला विनाअडथळा जाऊ द्यावं आणि गरज पडेल तेव्हा सर्व प्रकारची मदत आणि संरक्षण द्यावं. बहुतेकांनी ती कधी वाचलेली नसते. फोटो बरा आलाय ना, नावाचं स्पेलिंग बरोबर आहे ना, एवढं बघून पासपोर्ट कपाटात जातो. पण नाशिककरांनी तरी ती वाचावी, कारण ही पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापली जाते. निळी सर्वसामान्यांची, पांढरी सरकारी कामाने जाणाऱ्यांची, आणि मरून रंगाची राजनैतिक अधिकाऱ्यांची.

ती विनंती कुणाला केलेली आहे? परक्या देशातल्या माणसाला. बगदादच्या विमानतळावरचा शिपाई, साओ पावलोच्या पोलीस ठाण्यातला हवालदार, शांघायच्या दवाखान्यात नाव नोंदवून घेणारी बाई. यातल्या कित्येकांना हिंदी येत नाही आणि इंग्रजीही येत नाही. छापलेली विनंती त्यांच्यापर्यंत पोहोचवायची तर तिथे आपलं कुणीतरी उभं असावं लागतं, आणि त्याला त्यांची भाषा यावी लागते. त्यासाठी पगार मिळणारा माणूस म्हणजे राजनैतिक अधिकारी.

मी रविवारी गंगापूर रोडवरच्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांशी बोलायला जाते. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारत आणि कॅनडाने एकमेकांच्या सहा-सहा अधिकाऱ्यांना देश सोडायला सांगितलं. एप्रिल २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानसोबतच्या उच्चायुक्तालयांतली माणसं ५५ वरून ३० वर आणायचं ठरवलं. त्या बातम्यांपासून मुलांचे प्रश्न वाढले आहेत. ही माणसं तिथे करतात काय, त्यांना हाकलतात म्हणजे काय, त्यांना अटक का होत नाही? सटाण्याकडच्या एका मुलीने तर सरळ विचारलं, ‘मॅडम, त्याला चार भाषा येतात म्हणजे तो दुभाषीच झाला ना? मग एवढी मोठी परीक्षा कशाला?’ प्रश्न चांगला आहे. त्याचं उत्तर नीट द्यायचं तर थोडं मुळापासून सांगावं लागेल.

आधी नावं समजून घेऊ

आपल्या देशाचं दुसऱ्या देशाच्या राजधानीतलं मुख्य कार्यालय म्हणजे दूतावास. जुन्या मराठीत त्याला वकिलात म्हणतात, आणि मला तोच शब्द अधिक आवडतो, कारण वकील म्हणजे दुसऱ्याची बाजू मांडणारा. त्याचा प्रमुख तो राजदूत. तो देश राष्ट्रकुलातला असेल, म्हणजे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, श्रीलंका यांसारखा, तर त्याच कार्यालयाला उच्चायुक्तालय आणि प्रमुखाला उच्चायुक्त म्हणतात. फरक नावाचाच. राजधानीबाहेरच्या मोठ्या शहरात असतो तो वाणिज्य दूतावास. भारताची अशी सगळी मिळून २०० च्या आसपास कार्यालयं जगभर आहेत.

हे चालवणारी सेवा म्हणजे भारतीय परराष्ट्र सेवा. स्वातंत्र्याच्या थोडं आधी, ९ ऑक्टोबर १९४६ रोजी ती स्थापन करायचं ठरलं. कल्पना मात्र आपल्याला नवी नाही. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत परराज्यांशी व्यवहार बघणारा एक प्रधान होता, डबीर, म्हणजेच सुमंत.

आजही ही सेवा लहानच आहे. तिच्यातले अधिकारी साधारण हजाराच्या घरात. एवढ्या मोठ्या देशासाठी हा आकडा मला फारच तोकडा वाटतो. एकेक माणूस तीन माणसांचं काम करतो, आणि ते निभावतं याचं बरंचसं श्रेय त्यांच्या भाषांना जातं.

निवड होताना परदेशी भाषा यावी लागते का?

नाही. इथेच बहुतेकांचा गैरसमज असतो. परीक्षा तीच, कलेक्टर आणि पोलीस अधीक्षक होण्यासाठी देतात ती, केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा. पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत. गुण आणि पसंतीक्रम बघून सेवा मिळते. परराष्ट्र सेवेत दरवर्षी घेतले जातात ते जेमतेम तीस-पन्नास जण.

भाषा येते ती त्यानंतर. आधी मसुरीच्या अकादमीत सगळ्या सेवांचं एकत्र प्रशिक्षण, मग दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेत. आणि तिथे प्रत्येकाला एक परदेशी भाषा नेमून दिली जाते. अरबी, चिनी, रशियन, फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन, जपानी, फारसी, पोर्तुगीज, हिब्रू, कोरियन अशा यादीतून. आवड विचारतात, पण गुणवत्ताक्रम आणि सरकारची गरजही बघतात. मग नव्या अधिकाऱ्याला ती भाषा जिथे बोलली जाते तिथेच पाठवतात. अरबी असेल तर बहुतेकदा कैरोला, चिनीसाठी बीजिंगला, रशियनसाठी मॉस्कोला, जपानीसाठी टोकियोला. हुद्दा असतो थर्ड सेक्रेटरी, वकिलातीतली पहिली पायरी. भाषा किती अवघड त्यावर अवलंबून वर्ष-दोन वर्षं मुख्य काम एकच, शिकणं. त्या भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय नोकरी कायम होत नाही.

कल्पना करा, देशातली सगळ्यात अवघड परीक्षा पास झालेला पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण परक्या शहरात एका बाकावर बसून पुन्हा बाराखडी गिरवतोय. चिनीत ‘माय’ हा एकच उच्चार एका सुरात म्हटला तर ‘विकत घेणं’ आणि दुसऱ्या सुरात म्हटला तर ‘विकणं’. लासलगावच्या बाजारात घेणारा आणि विकणारा यांच्यात केवळ सुराचा फरक असता तर काय झालं असतं, याचा विचार केला की त्या मुलाची धडपड कळते.

पुढे हुद्दे चढत जातात: सेकंड सेक्रेटरी, फर्स्ट सेक्रेटरी, काउन्सेलर, मिनिस्टर (म्हणजे मंत्री नव्हे, वकिलातीतलाच एक हुद्दा) आणि शेवटी राजदूत. साधारण तीन-तीन वर्षांनी बदली, मधेमधे दिल्लीत मुख्यालयात काही वर्षं. पस्तीस वर्षांच्या नोकरीत सहा-सात देश होतात. पहिली भाषा सक्तीची असते, नंतरच्या गरजेने किंवा हौसेने शिकल्या जातात.

शब्द कळला म्हणजे माणूस कळला असं नाही

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. दुभाषी आणि राजनैतिक अधिकारी यांत फरक काय?

दुभाषी सांगतो, समोरचा काय म्हणाला. अधिकाऱ्याला त्यापुढे जाऊन ठरवावं लागतं की तो असं का म्हणाला, त्याचा खरा अर्थ काय, आणि आपण काय उत्तर द्यायचं. परराष्ट्र मंत्रालयात दुभाष्यांचा स्वतंत्र वर्ग आहे आणि त्यांचं काम अतिशय कौशल्याचं आहे. पण ते वेगळं काम आहे.

जपानीत ‘केंतो शिमासु’ म्हणजे ‘आम्ही विचार करू’. पुष्कळदा तो सभ्य नकार असतो. हे आपल्याला वेगळं समजवावं लागत नाही. कुणाकडे उसने पैसे मागायला गेलो आणि तो म्हणाला, ‘बघू, कळवतो,’ की आपण चहा संपवून उठतो. शब्दकोशात ‘बघू’ म्हणजे नकार असं कुठेही लिहिलेलं नाही. पण नुसता शब्दकोश घेऊन गेलेला अधिकारी दिल्लीला कळवेल, ‘ते विचार करत आहेत, आशा आहे.’ दिल्ली मग सहा महिने वाट बघत बसेल.

फ्रेंचमध्ये ‘दमांदे’ म्हणजे विचारणं, विनंती करणं. इंग्रजीतल्या ‘डिमांड’शी त्याचं साम्य बघून कुणी भाषांतर केलं, तर शेजाऱ्याने केलेली विनंती आपल्याला धमकी वाटू शकते.

अरबीची गंमत आणखी निराळी. वर्गात शिकवतात ती प्रमाण अरबी, वर्तमानपत्रांची आणि भाषणांची. ‘तुला काय हवंय?’ हे तिच्यात ‘माधा तुरीद?’ कैरोच्या रस्त्यावर तोच प्रश्न ‘आयिझ एह?’ असा येतो. पुस्तकी अरबी बोलणाऱ्याचं म्हणणं समोरचा समजून घेतो, पण आपसात बोलतो ते वेगळंच. कळवण, देवळा, सटाणा या भागातल्या लोकांना हे लगेच पटेल. शाळेत प्रमाण मराठी, घरी अहिराणी. ऑफिसात साहेबासमोर एक बोलणं, ओट्यावर दुसरं. खरी बातमी ओट्यावरच्या बोलण्यात असते.

त्या सटाण्याच्या मुलीने याच वेळी एक प्रसंग सांगितला. तिच्या आजीला नाशिकच्या एका दवाखान्यात आणलं होतं. तरुण डॉक्टर विदर्भाकडचा, त्याला अहिराणी कळेना. आजी म्हणाली, ‘जरासं पोट दुखस.’ नातीने ते मराठीत सांगितलं आणि पुढे स्वतःचं एक वाक्य जोडलं: ‘डॉक्टर, आजी जरासं म्हणते म्हणजे ती रात्रभर झोपलेली नाहीये.’ डॉक्टरने पेन खाली ठेवलं आणि लगेच तपासायला घेतलं.

ते दुसरं वाक्य म्हणजे परराष्ट्र सेवा. वकिलातीतून दिल्लीला रोज जे गोपनीय संदेश जातात, ज्यांना केबल म्हणतात, त्यांत तेच लिहिलेलं असतं: समोरचा ‘जरासं’ म्हणाला, पण त्याच्या ‘जरासं’चा अर्थ असा आहे.

आपण पंचवटीची माणसं, म्हणून आणखी एक आठवण. वाल्मीकी रामायणाच्या सुंदरकांडात अशोकवनात पोहोचलेला हनुमान झाडावर बसून आधी विचार करतो तो भाषेचा. मी विद्वानासारखं संस्कृत बोललो तर सीता मला रावणच समजेल आणि घाबरेल, तेव्हा साध्या माणसांच्या बोलीत बोलावं. निरोप त्याच्याजवळ तयार होता, खुणेची अंगठीही होती. तरी कुठल्या भाषेत तोंड उघडायचं हे ठरवल्याशिवाय तो खाली उतरत नाही. दूताचं काम याहून नेमक्या शब्दांत मला तरी सांगता येणार नाही.

एका क्रियापदाची किंमत

भाषेची चूक लहान दिसते, पण देशांच्या बाबतीत ती फार महाग पडते. १८८९ मध्ये इथिओपियाचा सम्राट दुसरा मेनेलिक आणि इटली यांच्यात उचाले इथे करार झाला. एक प्रत अम्हारिक भाषेत, एक इटालियनमध्ये. सतरावं कलम असं होतं की इथिओपियाला इतर देशांशी व्यवहार करायचा असेल तर इटलीची मदत ‘घेता येईल’. अम्हारिक प्रतीत तरी तसं होतं. इटालियन प्रतीत त्याचा अर्थ निघत होता, इटलीमार्फतच व्यवहार करायला इथिओपिया ‘तयार आहे’. त्या आधारावर इटलीने युरोपात जाहीर केलं की इथिओपिया आमच्या संरक्षणाखालचा देश आहे. मेनेलिकला हे कळलं तेव्हा त्याने आधी निषेध केला आणि पुढे करारच मोडीत काढला. शेवटी युद्ध झालं. १ मार्च १८९६ रोजी अडवा इथे इटलीच्या सैन्याचा पूर्ण पराभव झाला. युद्धाला इतर कारणंही होती, पण भांडणाचं मूळ कागद म्हणून पुढे आलं ते हे कलम.

दुसरं उदाहरण अजूनही जिवंत आहे. १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २४२ केला. इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावं, असं त्यात आहे. इंग्रजी मसुद्यातली शब्दरचना अशी की ‘सगळ्या प्रदेशांतून’ की ‘काही प्रदेशांतून’ हे मोकळं राहतं. फ्रेंच मसुद्यात व्याकरणामुळे ‘त्या प्रदेशांतून’ असा अर्थ घेता येतो. एका लहानशा उपपदावरून पन्नासहून अधिक वर्षं वाद चालू आहे.

म्हणून भारत करार करतो तेव्हा ते पुष्कळदा हिंदी, समोरच्या देशाची भाषा आणि इंग्रजी अशा तिन्हींत लिहिले जातात, आणि अर्थाबद्दल वाद झाला तर इंग्रजी प्रत ग्राह्य, असं शेवटी नमूद केलेलं असतं. चीनसोबतच्या १९५४ च्या पंचशील कराराच्या हिंदी, चिनी आणि इंग्रजी या तिन्ही प्रती मात्र सारख्याच ग्राह्य होत्या. त्याच वर्षी पंडित नेहरू बीजिंगला गेले तेव्हा माओंशी झालेल्या बोलण्यात दुभाषी होते वसंत परांजपे, आपले मराठी गृहस्थ. बीजिंगच्या विद्यापीठात राहून त्यांनी चिनी शिकली होती. पुढे ते स्वतः राजदूत झाले.

मग दिवसभर करतात काय?

मेजवान्या, असं अनेकांचं मत आहे. मेजवान्या असतात, आणि त्या कामाचाच भाग असतात, कारण बैठकीत जे बोललं जात नाही ते तिथे कानावर पडतं. पण वकिलातीचं रोजचं काम बरंच रुक्ष आहे. राजकीय विभाग त्या देशाची वर्तमानपत्रं, संसद, निवडणुका वाचतो. प्रशासन, संस्कृती, संरक्षण हे वेगळे विभाग. नाशिकच्या माणसाला जवळचे असे दोन.

पहिला व्यापाराचा. २०१० मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. वाढ नियंत्रित करणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाचा अंश तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त सापडला होता. दिंडोरी, निफाडच्या कित्येक घरांत त्या हंगामाची आठवण आजही कडू आहे. अशा वेळी वकिलातीच्या व्यापार अधिकाऱ्याचं काम असतं तिथल्या अन्नसुरक्षा खात्यात जाऊन नियम नेमका काय आहे, मर्यादा कशी मोजतात, पुढच्या मालासाठी कुठला दाखला चालेल हे समजून घेणं आणि इथे कळवणं. तो नियम आणि त्यावरची चर्चा बऱ्याचदा तिथल्या भाषेत असते. डच, जर्मन वाचणारा माणूस तो आधी वाचतो.

कांद्याचं तर विचारूच नका. सप्टेंबर २०१९ च्या अखेरीस भारताने कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. पुढच्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. व्यापाऱ्यांच्या सभेत इंग्रजीतून भाषण करता करता त्या मध्येच हिंदीत आल्या आणि म्हणाल्या की आपण स्वयंपाक्याला जेवणात कांदा घालू नको असं सांगून टाकलंय. सभा हसली. पण त्यामागची तक्रार खरी होती: बंदी घालायची तर आधी सांगायचं होतं. तेच त्या इंग्रजीत बोलल्या असत्या तर तो निषेध झाला असता. हिंदीत आल्यामुळे ती शेजारणीची तक्रार झाली, आणि पोहोचली मात्र पूर्ण. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी आली तेव्हा काही देशांना सरकारी पातळीवरच्या विनंतीवरून कांदा देण्यात आला. मार्च २०२४ मध्ये बांगलादेशला ५०,००० टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन पाठवायला परवानगी मिळाली. त्या विनंत्या येतात आणि जातात त्या याच वकिलातींमार्फत. बंदीचा फटका लासलगावच्या शेतकऱ्याला बसतो, आणि ‘भारताचा कांदा भरवशाचा नाही’ हे परदेशात ऐकून घ्यायची वेळ तिथल्या आपल्या अधिकाऱ्यावर येते. मला वाटतं, निर्णय घेताना या दोघांनाही आधी विचारायला हवं.

दुसरा विभाग माणसांचा, वाणिज्यदूत विभाग. नाव व्यापाराचं असलं तरी काम पासपोर्ट, दाखले, तुरुंगात अडकलेले, दवाखान्यात पडलेले, फसवले गेलेले यांचं. आखाती देशात मालकाने पासपोर्ट काढून घेतलाय, सहा महिने पगार नाही, असा मजूर वकिलातीच्या दारात येतो. अधिकारी त्याच्याशी हिंदीत, तेलुगूत, जमल्यास मराठीत बोलतो आणि पाच मिनिटांनी कामगार कार्यालयात फोन करून तेच अरबीत मांडतो. अडचणीतल्या अशा लोकांसाठी २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तिकीट, तात्पुरता निवारा, मृतदेह घरी आणण्याचा खर्च यांसाठी तो वापरतात.

परदेशात अटक झालेल्या माणसाला आपल्या देशाच्या अधिकाऱ्याला भेटण्याचा हक्क असतो. वाणिज्यदूतांच्या कामाविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना करारातलं छत्तिसावं कलम ते सांगतं. कुलभूषण जाधव यांच्या बाबतीत पाकिस्तानने हा हक्क नाकारला. भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने पाकिस्तानने या कलमाचा भंग केल्याचा निकाल दिला.

‘पण इंग्रजी सगळीकडे चालते की!’

परिषदेत चालते, हॉटेलात चालते. सीमेवर रात्री दोन वाजता चालेलच असं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा आपली हजारो मुलं तिथे वैद्यकीय शिक्षण घेत होती. परराष्ट्र मंत्रालयाने देशाच्या पश्चिम भागात ल्वीव आणि चेर्निव्हत्सी इथे तातडीने छावणी कार्यालयं उघडली आणि रशियन बोलणारे जादा अधिकारी तिथे पाठवत असल्याचं जाहीर केलं. त्या गोंधळात मंत्रालयाला आधी कशाची आठवण झाली बघा. बसवाल्याशी बोलायचं, नाक्यावरच्या सैनिकाला पटवायचं, शाळेच्या हॉलमध्ये मुलांना रात्र काढू द्या म्हणायचं. ऑपरेशन गंगा नावाच्या त्या मोहिमेत सुमारे २२,५०० भारतीय परत आले.

‘आता मोबाईलच भाषांतर करतो, मग माणूस कशाला?’

मोबाईलने स्टेशनचा रस्ता विचारावा, जेवणाची यादी वाचावी. त्याचा मोठा उपयोग आहे आणि तो वाढतच जाणार. पण दोन देशांमधलं गोपनीय बोलणं परक्या कंपनीच्या यंत्रात घालणं म्हणजे घरचं भांडण चौकातल्या लाऊडस्पीकरवर लावणं. शिवाय यंत्र बोललेल्याचं भाषांतर करतं, न बोललेल्याचं नाही. समोरचा एका प्रश्नावर चार सेकंद गप्प राहिला, मग त्याने विषय बदलला. त्या चार सेकंदांत उत्तर होतं.

आणि एक गोष्ट बाहेरच्यांना नवल वाटेल अशी. समोरची भाषा उत्तम येत असूनही अनेक नेते आणि अधिकारी मुद्दाम दुभाषी घेऊन बसतात. दुभाषी बोलत असतो तेवढा वेळ विचाराला मिळतो. त्यातून चुकीचा शब्द गेलाच तर माघार घ्यायला वाट राहते. भाषा येणं आणि ती कधी वापरायची हे कळणं, दोन्ही शिकावं लागतं.

‘त्यांना कायदाच लागू होत नाही, हे कसं?’

लागू होतो. राजनैतिक अधिकाऱ्यांविषयीचा व्हिएन्ना करार वेगळा, १९६१ चा; त्यात स्पष्ट म्हटलं आहे की ज्या देशात आहात तिथले कायदे पाळणं हे त्यांचं कर्तव्य आहे. पण त्यांना अटक करता येत नाही आणि तिथल्या फौजदारी कोर्टात खेचता येत नाही. याला राजनैतिक संरक्षण म्हणतात. हे व्यक्तीचे लाड नव्हेत. ते नसेल तर कुठलंही सरकार नावडता निरोप आणणाऱ्याला खोट्या खटल्यात अडकवेल, आणि मग निरोप आणायलाच कुणी धजणार नाही. लंकेत हनुमानाला मारायला निघालेल्या रावणाला बिभीषण हेच सांगतो, दूताचा वध करायचा नसतो.

संरक्षणाचा गैरवापर झाला तर? त्याच्या देशाला ते काढून घेता येतं. आणि यजमान देशाकडे एक हत्यार कायम असतं: त्या अधिकाऱ्याला ‘पर्सोना नॉन ग्राटा’, म्हणजे नको असलेली व्यक्ती, म्हणून जाहीर करणं. कारण द्यायचं बंधन नाही. पाहुण्याला आपण घराबाहेर ढकलत नाही, पण ‘आता निघा’ एवढं नक्की म्हणू शकतो. उलट राजदूत नेमतानाही आधी समोरच्या देशाची गुपचूप संमती घेतात. लग्नाचं स्थळ रीतसर विचारण्याआधी मधल्या माणसाकडून अंदाज घ्यावा, तसं. नकार आला तरी कुणाची शोभा होत नाही.

वाणिज्य दूतावासातल्या अधिकाऱ्यांचं संरक्षण याहून मर्यादित, मुख्यतः कामाच्या संदर्भात केलेल्या गोष्टींपुरतंच असतं. बातमी वाचताना हा फरक लक्षात ठेवला की अर्धे वाद आपोआप मिटतात.

घरच्यांचं काय?

पालक हा प्रश्न दबक्या आवाजात विचारतात, विशेषतः मुलींचे. ओढाताण खरी आहे. मुलांच्या शाळा दर तीन वर्षांनी बदलतात, जोडीदाराची नोकरी सुटते, आईवडिलांचं आजारपण फोनवर ऐकावं लागतं. हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही.

पण मुलींसाठी ही वाट आधीच कुणीतरी झिजून मोकळी केलेली आहे. सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत आलेल्या पहिल्या महिला. त्या काळी महिला अधिकाऱ्याला लग्नासाठी सरकारची परवानगी घ्यावी लागे आणि लग्नानंतर काम नीट होणार नाही असं सरकारला वाटलं तर राजीनामा मागता येई. पुरुषांना असा नियम नव्हता. त्या राजदूत झाल्या आणि तरीही बढतीत डावललं गेल्यावर सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या भेदभावावर कडक शब्दांत ताशेरे ओढले.

मराठी माध्यमातल्या मुलांना जमेल?

मुख्य परीक्षेची उत्तरं मराठीत लिहिता येतात, मुलाखत मराठीत देता येते. इंग्रजीचा एक पेपर मात्र पास व्हावा लागतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाट गावचे ज्ञानेश्वर मुळे या सेवेत गेले, जपानी शिकले, न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत झाले आणि परराष्ट्र मंत्रालयात सचिव म्हणून निवृत्त झाले.

माझं मत विचाराल तर आपल्या जिल्ह्यातली मुलं या कामाला अर्धी तयार होऊनच येतात. मालेगावात उर्दू, बागलाणात अहिराणी, सुरगाण्यात कोकणा, सीमेपलीकडे गुजराती, कारखान्यात हिंदी, कॉलेजात इंग्रजी. दिवसातून चार वेळा भाषा बदलायची सवय असलेल्या मुलाला पाचवी शिकताना भीती वाटत नाही. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं एवढंच, की ही पात्रता आहे. उलट अहिराणी लपवायला शिकवलेलं असतं, आणि याचं मला फार वाईट वाटतं.

त्या सटाण्याच्या मुलीने परवा विचारलं, आत्तापासून कुठली परदेशी भाषा धरू? मी म्हटलं, यादी निवड झाल्यावर मिळते, आत्ता कान तयार कर. तर तिने स्वतःच एक उद्योग सुरू केलाय. सकाळी वर्तमानपत्राचा अग्रलेख वाचायचा आणि गावाकडे फोन लावून तो आजीला अहिराणीत सांगायचा. निर्यातशुल्क, युद्धबंदी, व्हिसा, सगळं. म्हणते, पहिल्या दिवशी पाच मिनिटांत शब्द संपले. आता अर्धा तास चालतं, कारण दर दोन वाक्यांनी आजी तिला थांबवते आणि विचारते, ‘पन तो आसं काबरं म्हनना?’